मापाची सायकल

मैत्रिणींनो, आज आधी तुम्हालाच एक प्रश्न विचारते. तुमच्यापैकी कितीजणी तयार ब्लाऊज विकत आणून तसाच्या तसा अंगात घालतात? फार थोड्या. आपण काय करतो, नीट बसणारा एक जुना ब्लाऊज 'मापाचा' म्हणून जपून ठेवतो, तो शिंप्याच्या हवाली करतो आणि वर बजावतो, मुंढ्यात अर्धा इंच सैल ठेवा हो, मागून उचलला जातो तेवढं बघा. एवढं करून बाही घट्ट झालीच, तर पिशवी घेऊन परत त्याच्या दारात. ब्लाऊजच्या शिलाईसाठी इतकी हुज्जत घालणाऱ्या आपण, जिच्यावर सगळं अंग टाकायचं ती सायकल मात्र दुकानदार देईल ती निमूट घेऊन येतो.

मीही तेच केलं होतं आणि त्यापायी डावं मनगट मोडून घेतलं होतं. आता वयाच्या चोपन्नाव्या वर्षी माझ्या अंगाच्या मापाने बेतलेली पोलादी सायकल घरात आली आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्यावरून पहिली फेरी मारली. तिची ही हकिगत, आणि तुमच्या उपयोगाच्या चार गोष्टी.

माझं माहेर वाईचं. सायकल शिकले ती वडिलांच्या काळ्या, उंच सायकलवर, दांडीच्या खालून पाय घालून. सीटवर बसले तर पाय पायडलला पोचायचेच नाहीत. लग्न होऊन १९९४ साली वर्तकनगरला आले. तेव्हा पोखरण रोडवर रेमंडची गिरणी चालू होती आणि पाळी सुटली की सायकलींचा लोंढा रस्त्यावर यायचा. भाजीची पिशवी हँडलला, डबा कॅरिअरला. त्यात बाई एखादीच. मी गॅलरीतून बघायची. पुढे २००९ साली गिरणी बंद झाली, आता त्या जागेवर उंच उंच इमारती आहेत. माझी सायकल मधल्या सगळ्या वर्षांत कुठे गेली ते तुम्हाला सांगायला नकोच.

चार वर्षांपूर्वी मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि त्याची गिअरची सायकल गॅलरीत धूळ खात पडली. एके दिवशी पुसली, हवा भरली आणि खाली उतरवली. तो साडेपाच फुटांच्या वर, मी चार फूट अकरा इंच. दहा मिनिटांत मान आखडली. पण इतक्या वर्षांनी तोंडावर वारा लागला, त्याचं काय सांगू! दुसऱ्या महिन्यात साठवणीतले पैसे काढून स्वतःसाठी एक घेऊन आले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ही सगळ्यात लहान साईज, हीच तुमची." मला वाटलं, झालं काम.

पण सगळ्यात लहान म्हणजे आपल्या मापाची नव्हे. तळवे अर्ध्या तासात मुंग्या येऊन बधिर व्हायचे. ब्रेक दाबायला हात आधी मुठीतून सोडून पुढे सरकवावा लागायचा, तोवर पुढचा रिक्षावाला थांबून मोकळा. मी म्हणे, सवय नाही म्हणून होत असेल. आपल्याला तसंच वाटतं ना? वस्तू बसली नाही तर चूक आपल्या अंगाची!

मग एक दिवस वर्तकनगर नाक्याजवळ अगदी हळू वळत असताना माझ्या बुटाचा पुढचा भाग पुढच्या चाकाला अडकला. हँडल जागच्या जागी अडलं आणि मी डाव्या हातावर आडवी. वेग म्हणाल तर चालणाऱ्या माणसाएवढा. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत भेटायला आलेल्या प्रत्येकाने एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत ऐकवलं, आता या वयात कशाला हे. आमचे हे तसं काही बोलले नाहीत, पण सायकल दाराआड नेऊन उभी केली. हळूहळू तिच्यावर टॉवेल वाळू लागले. मैत्रिणींनो, मला हात मोडल्याचं जेवढं वाटलं नाही तेवढं त्या टॉवेलांचं वाटलं.

हात बरा झाल्यावर मी सायकल परत काढली, पण एक भीती बसली होती. सरळ जायला काही नाही, वळायचं म्हटलं की पोटात गोळा. मग मी काय करायची, वळायची जागा आली की खाली उतरायची, शेळीला ओढावं तशी सायकल ओढून फिरवायची आणि पुन्हा बसायची. आठ महिने असंच.

उपवनच्या तलावाशी रविवारी सकाळी सायकलवाल्यांचा मेळा असतो. तिथे भेटणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी माझी ही कसरत पाहिली आणि विचारलं, "तुमचा पाय चाकाला लागतो का?" तोपर्यंत मला वाटत होतं की तो माझाच वेंधळेपणा. त्यांनी समजावलं ते असं. तयार सायकली मध्यम उंचीच्या पुरुषाला धरून आखलेल्या असतात. लहान माप काढायचं तर कारखाना नळ्या आखूड करतो, पण चाकं त्याच मापाची ठेवतो. मग पुढचं चाक पायडलच्या जवळ येतं, आणि हळू वळताना, जेव्हा चाक जास्त फिरतं, तेव्हा बुटाला लागतं. सायकल लहान तेवढी ही अडचण मोठी. माझ्यासारख्या पाच फुटांच्या आतबाहेर असणाऱ्या बायकांनाच ती जास्त भोगावी लागते.

हे फार पूर्वी अमेरिकेत जॉर्जिना टेरी नावाच्या एका इंजिनिअर बाईंच्या ध्यानात आलं होतं. घराच्या तळघरात नळ्या झाळून त्यांनी सायकली बनवायला सुरुवात केली आणि १९८५ साली स्वतःचा कारखाना काढला. त्यांनी तोडगा काय काढला, मागचं चाक नेहमीएवढंच, पण पुढचं लहान, चोवीस इंची. दिसायला थोडं मजेशीर, पण पाय अडायचा थांबला. चाळीस वर्षं होऊन गेली की याला! आपल्याकडे मात्र अजून 'लेडीज सायकल' म्हणजे दांडी खाली वाकवलेली, पुढे टोपली आणि रंग गुलाबी. टोपलीला माझी ना नाही, पण मापाचं काय?

डॉक्टरीणबाईंची स्वतःची सायकल पुण्याजवळच्या एका कारागिराने मापाने बनवलेली होती. फोन नंबर घेतला. दोन महिने तो पर्समध्येच राहिला.

आता पैशाचं बोलते, कारण तुमच्या मनात तेच चाललं असेल. सगळी मिळून एक लाख साठ हजार रुपये. माझी पोस्टातली आवर्ती ठेव त्याच सुमाराला पुरी होत होती. ती मी स्वयंपाकघरासाठी ठेवली होती. आमचा ओटा माझ्यासाठी उंच आहे, गेली तीस वर्षं मी पाटावर उभी राहून कणीक मळते. ओटा फोडून नवा करायचा, खाली ट्रॉल्या बसवायच्या, असं ठरलं होतं. ह्यांना सायकलचं सांगितलं तेव्हा पहिलं वाक्य आलं, "अगं, एवढ्यात स्कूटर येईल." मी म्हटलं, "स्कूटर मला चालवायची नाही." मग बराच वेळ गप्प. शेवटी म्हणाले, "आणि पुन्हा पडलीस तर?" पैशाचा प्रश्न नव्हताच मुळी. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्याला मात्र हे माझ्याबरोबर आले.

पत्र्याची शेड, बाहेर चिंचेचं झाड, आत नळ्यांचे गठ्ठे. कारागीर माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने आधी सायकल दाखवलीच नाही. भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि टेप काढली. मांडीच्या सांध्यापासून टाचेपर्यंत, खांद्यापासून मुठीपर्यंत, दोन खांद्यांमधलं अंतर, हाताचा पंजा, पायाचा तळवा. मग मनगट वळवून पाहायला लावलं. प्लास्टर निघाल्यापासून ते पूर्वीसारखं मागे झुकत नाही, हे त्याने विचारल्याशिवाय मी सांगितलंही नसतं. ह्यांना तर ते माहीतच नव्हतं. "काकू, मग हँडल जरा वर आणि जवळ घेऊ," तो म्हणाला आणि वहीत लिहिलं. पुढे एका सांगाड्यावर बसवलं. त्याची सीट आणि हँडल सगळीकडे सरकतात. मी पायडल मारत राहिले आणि तो गुडघ्यापासून ओळंबा सोडून बघत राहिला, गवंडी भिंतीला लावतो ना, तोच ओळंबा. दोन तास गेले. ट्रायल रूममध्ये शिंपी कधी इतका वेळ देत नाही!

पोलादच का, हे मी त्याला विचारलं. हल्ली हलक्या सायकली अॅल्युमिनिअमच्या किंवा कार्बनच्या असतात. त्याचं म्हणणं, एकेका गिऱ्हाइकासाठी एकेक सायकल करायची तर पोलादासारखं सोयीचं काही नाही. नळी हव्या त्या लांबीची कापा, सांध्यावर पितळेने झाळा, साचा लागत नाही. पोलाद वितळत नाही, पितळ वितळून सांध्यात बसतं. हे पोलादही साधं नव्हे, त्यात थोडं क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं असतं, त्यामुळे नळी पातळ ठेवता येते. त्याने एक नळी उभी चिरलेली दाखवली. दोन्ही टोकांना आठ दशांश मिलिमीटर जाड आणि मधे अर्धाच, म्हणजे आपल्या डाळीच्या डब्याचा पत्रा असतो साधारण तेवढा. सांध्यावर ताण येतो तिथे जाड आणि मधे पातळ. ही युक्ती बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स या खिळे बनवणाऱ्या घराण्यातल्या माणसाने १८९७ साली काढली. सव्वाशे वर्षं झाली, अजून तीच चालते.

पोलादाची सायकल 'जिवंत' चालते, लवचीक असते, असं शौकीन मंडळी फार कौतुकाने सांगतात. माझं मत विचाराल तर त्यात थोडी भक्तीही आहे. खड्ड्याचा धक्का कमी होतो तो मुख्यतः रुंद टायर आणि त्यात बेताची हवा यांमुळे, आणि अंग दुखत नाही ते माप बरोबर असल्यामुळे. पोलादाचा खरा गुण मला वेगळाच वाटतो. ते अचानक दगा देत नाही. सहसा आधी बारीक तडा जातो, आवाज येतो आणि जाणकार माणसाला ती नळी बदलताही येते. पण ते काम जाणकाराचंच हं, नाक्यावरच्या वेल्डरकडे नेलीत तर पातळ नळीला भोक पाडून देईल.

रंगासाठी मी खणाचा तुकडा नेला होता, आमसुली रंगाचा. तो हसला, पण ठेवून घेतला.

पाच महिने लागले. नवरात्रात सायकल आली, खोक्यातून. आमच्या सासूबाई आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनी चष्मा लावून तिला पुढून मागून बघितलं, नळीवर टिचकी मारली आणि पहिला प्रश्न केला, "अगं, घंटी कुठाय?" घंटी नव्हती. "स्टँड?" स्टँडही नव्हता. कॅरिअर, मडगार्ड, काही नाही. "एवढे पैसे घेतले आणि साधी घंटी नाही दिली मेल्यानं!" मला त्याची बाजू घ्यावी लागली, वजन कमी ठेवायला हे सगळं काढतात म्हणून. त्यांना पटलं नाही. खरं सांगू, मलाही पटलं नाही. दुसऱ्याच दिवशी जांभळी नाक्यावरून पितळी घंटी आणून बसवली. दसऱ्याला शिलाई मशीन, ह्यांची हत्यारांची पेटी आणि आमसुली सायकल, तिघांना मिळून झेंडू वाहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला निघाले. ह्यांनी खाली येऊन सायकल धरली, मी बसले आणि सोडा म्हटलं.

पहिलं जाणवलं ते हे, की काहीच जाणवत नव्हतं. जुन्या सायकलवर बसल्याबरोबर अंग आधी तडजोडीला लागायचं, खांदे वर, कोपरं ताठ, मान मागे. इथे हात पुढे केले तर मुठी तिथेच होत्या. हँडल छत्तीस सेंटिमीटर रुंद, माझ्या खांद्यांइतकं. जुनं बेचाळीस होतं, जणू कुणाला मिठी मारायला निघाल्यासारखे हात फाकायचे. ब्रेक दोन बोटांत येतो. पायडलचे दांडे नेहमी सतरा सेंटिमीटरचे असतात, माझे सोळाचे आहेत. एक सेंटिमीटरने काय होतंय, असं मला वाटलं होतं. पण वर येताना गुडघा पोटाशी दुमडायचा तो आता दुमडत नाही. एक सेंटिमीटर म्हणजे एका फेऱ्यात दोन सेंटिमीटर उंचीचा फरक, आणि मिनिटाला साठ-सत्तर फेरे. गुडघ्यांना तो कळतो.

वर्तकनगर सोडून शिवाईनगरवरून उपवनपर्यंत जेमतेम दोन-अडीच किलोमीटर रस्ता. दूधवाले, पेपरवाले, चालायला निघालेले आजी-आजोबा. खोदून पुन्हा बुजवलेला पट्टा आला तिथे मी सवयीने दात आवळले. पण टायर रुंद, त्यात ४५ पौंडच हवा. धक्का आला, हातापर्यंत पोचला, मनगटापर्यंत पोचला नाही. सायकलचा आवाज म्हणाल तर चेनची बारीक कुजबुज तेवढी. जुनीची खडखड इतकी अंगवळणी पडली होती की मधेच वाटलं, काही सुटून पडलं की काय.

उपवनच्या पुढे येऊरचा चढ लागतो. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचीच एक बाजू, बिबट्यांचं जंगल. वनखात्याच्या फाटकातून आत गेलं की हवा थंड. चढावर सायकल हलकी वाटली, हे खरं. सगळी मिळून साडेदहा किलो आहे. आपल्या जुन्या काळ्या सायकली अठरा-वीस किलोंच्या असत. पण वजनाने चढ सपाट होत नाही हो! दुसऱ्या वळणावर दम संपला आणि मी उतरून चालू लागले. चढाला अजून हलका गिअर द्या, असं मी कारागिराला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, पुरेल. तो पंचवीस वर्षांचा आहे, त्याला पुरत असेल. आता पुढची चौतीस दात्यांची तबकडी काढून तिसाची बसवून घेणार आहे. मापात एवढं काटेकोर राहून हे त्याचं चुकलंच. सीटचं टोकही किंचित वर होतं, वीस मिनिटांत नको तिथे टोचायला लागलं. पान्याने सैल करून टोक केसभर खाली केलं, मग ठीक.

उतरताना दोन्ही ब्रेकवर बोटं ठेवून सावकाश आले. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं. पण मला धास्ती उताराची नव्हती, ती खाली वाट बघत होती.

तलावाच्या कडेला रस्ता रुंद आहे, तिथे मला वळायचं होतं. मी सवयीने ब्रेक दाबला आणि उतरले. सायकल हाताने फिरवली. मग तशीच उभी राहिले. पुण्यात त्याने मला दाखवलं होतं, पाय पायडलवर, चाक पूर्ण वळवलेलं, आणि बुटाच्या टोकात नि टायरमध्ये दोन बोटं जागा. चाकं नेहमीपेक्षा थोडी लहान घेतली आहेत, रिम ६२२ मिलिमीटरऐवजी ५८४ ची, आणि पुढचं चाक जरा पुढे नेऊन बसवलं आहे. डोक्याला सगळं माहीत होतं, पण डावं मनगट काही ऐकायला तयार नव्हतं.

पुन्हा बसले. हळू, अगदी नाक्यावर होता तेवढाच वेग. हँडल वळवलं. पाय खाली आला, पुढे आला, गेला. काही लागलं नाही. तोंड वर्तकनगरकडे झालं होतं. मग मी परत वळले. मग उलट्या बाजूने. मग आणखी लहान गोल घेतला. पाच-सहा गोल झाले असतील, तेव्हा कठड्यावर बसलेले एक आजोबा उठून जवळ आले. "ताई, काही पडलंय का तुमचं?" मी म्हटलं, "नाही हो काका, वळतेय." ते थोडा वेळ बघत राहिले आणि पुन्हा जाऊन बसले.

घरी पोचले तेव्हा सात वाजून गेले होते आणि हे फाटकापाशी उभे होते, हातात दुधाची पिशवी. म्हणजे दूध आणायला आले होते, असं दाखवायला. मी फाटकाच्या आत, त्यांच्यासमोर, न उतरता वळले. त्यांनी फक्त पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

आता तुमच्यासाठी. प्रत्येकीने दीड लाख घालावेत, असं मी मुळीच सांगणार नाही. मलाही ते दुसऱ्यांदा जमायचं नाही. पण जी सायकल घरात आहे तिची दुरुस्ती आपल्या मापाने करता येते, आणि ती स्वस्तात होते. सगळ्यात आधी सीटची उंची. भिंतीचा आधार घेऊन सायकलवर बसा, पायडल सगळ्यात खाली, त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवलात की गुडघा बेताचा वाकलेला राहतो, तेच बरोबर. बहुतेकजणी सीट फार खाली ठेवतात, बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून, आणि मग वर्षभराने गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडतात. हिशेबच हवा असेल तर अनवाणी भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, एक जाड वही दोन पायांमध्ये वर घट्ट धरा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणायचं. माझे साडेअडुसष्ट सेंटिमीटर भरले, म्हणून पायडलच्या मधल्या खिळीपासून सीटच्या वरच्या बाजूपर्यंत साडेसाठ.

दुसरी सीट. मऊ, जाड गादीची सीट बघून भुलू नका. बसायची दोन हाडं असतात, त्यांना आधार हवा, बाकीच्या नाजूक भागाला दाब नको. सामान येतं त्या खोक्याचा पन्हाळी पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवा, त्यावर नीट बसून पुढे वाका, उठा. दोन खळगे उमटतील. त्यांच्या मध्यांतलं अंतर मोजा आणि दोन-तीन सेंटिमीटर मिळवा, तेवढी रुंद सीट मागा. माझं तेरा आलं, सीट साडेपंधराची आहे. दुकानदार हसला तर हसू दे. हँडल लांब वाटत असेल तर ते धरणारा मधला तुकडा आखूड मिळतो, थोडक्यात काम होतं. आणि पाय चाकाला लागतो का, हे सायकल घेण्याआधी दुकानातच उभं राहून बघा. ही एक गोष्ट नंतर कशानेही पुरती सुधारत नाही.

एक अंतर्गत गोष्ट, कुणी मोकळेपणी सांगत नाही म्हणून सांगते. सायकलसाठी आतून अस्तर लावलेली जी चड्डी मिळते, तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. शिवण घासते. वरून सलवार किंवा सैल पँट घाला, कुणाला कळत नाही.

पोलादाची निगा मात्र ठेवावी लागते. डब्यांच्या स्टीलला गंज चढत नाही, कारण त्यात क्रोमियम भरपूर असतं. या नळ्यांत ते जेमतेम एक टक्का, आणि आपली ठाण्याची हवा दमट. पावसात भिजली तर कोरड्या फडक्याने पुसा, सीटची दांडी काढून सायकल थोडा वेळ उलटी ठेवा, म्हणजे आत गेलेलं पाणी निथळतं. दांडीला ग्रीस लावूनच परत बसवा, नाहीतर ती आतच धरून बसते. रंगाचा टवका उडाला तर नखाला लावायच्या रंगाचा एक थेंब चालतो, मी आमसुली बाटली आणूनच ठेवली आहे. चेनला शिलाई मशीनचं तेल घालू नका, ते पातळ असतं, दोन दिवसांत उडतं आणि धूळ धरतं.

आणि पन्नाशीच्या पुढच्या मैत्रिणींनो, सायकलने दम वाढतो, गुडघ्यांवर भार न येता मांड्यांना व्यायाम होतो, पण हाडं बळकट व्हायला ती पुरेशी नाही. त्यासाठी अंगाचं वजन पायांवर यावं लागतं. मला हे माझ्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून आठवड्यातले तीन दिवस सायकल आणि तीन दिवस चालणं, असा मी वाटा केला आहे. रविवारी काय ते तेव्हा बघते.

ओटा अजून तसाच आहे. पण परवा मी पाटावर उभी राहून पोळ्या लाटत होते, तर हे टेप घेऊन आले आणि म्हणाले, "पाटावरून उतर, कोपर वाकव." कोपरापासून जमिनीपर्यंत मोजलं, आकडा कॅलेंडरच्या मागे लिहिला आणि गेले. ओटा कोपराच्या खाली दहा ते पंधरा सेंटिमीटर असावा असं म्हणतात. आमचा कोपराच्या फक्त तीन सेंटिमीटर खाली भरला. पुढच्या आठवड्यात या ओट्यांविषयीच लिहिणार आहे, तेव्हा तुम्हीही आपापल्या घरी मोजून ठेवा आणि दोन्ही आकडे मला पोस्टकार्डावर कळवा.